४० लाखांचा हिशेब: निवडणूक खर्चातलं खोटं नेमकं कुठे शिरतं?

ताळेबंद (धागाकर्ता)

राजकारणातल्या दुटप्पीपणाची चर्चा सुरू झाली की गाडी पक्षांतरावर आणि भाषणांवर जाते. इथे फक्त एका कागदाबद्दल बोलू या. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ७७: अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत, दोन्ही दिवस धरून, उमेदवाराने किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने केलेल्या किंवा अधिकृत केलेल्या सगळ्या खर्चाचा स्वतंत्र आणि बिनचूक हिशेब ठेवायचा. कलम ७८: निकालानंतर ३० दिवसांत तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे सादर करायचा. सोबत शपथपत्र. सभागृहात कायदे करायला निघालेला माणूस सुरुवातीलाच ज्या कागदांवर शपथेवर सही करतो, त्यातला हा एक.

मर्यादा जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रात विधानसभेला ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. आता साधं गणित करा. २०२४च्या विधानसभेला राज्यात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते. २८८ने भागा, मतदारसंघाला सरासरी ३ लाख ३७ हजार. म्हणजे एका मतदारामागे १२ रुपयेसुद्धा नाहीत. लोकसभेला एका मतदारसंघात १९ लाखांहून अधिक मतदार, म्हणजे माणशी ५ रुपयेही नाहीत.

मतदान केंद्रं राज्यात लाखभर, म्हणजे मतदारसंघात साधारण ३५०. प्रत्येक केंद्रामागे ५ कार्यकर्ते धरा आणि चहा, नाश्ता, जेवण मिळून माणशी दिवसाला १५० रुपये धरा. दिवसाचे २ लाख ६२ हजार ५०० झाले. माघारीची मुदत ४ नोव्हेंबरला संपली, प्रचार १८ला संध्याकाळी थांबला, म्हणजे १५ दिवस. एकूण ३९ लाख ३७ हजार ५००. नुसत्या जेवणावळीत मर्यादा संपली. गाड्या, डिझेल, मंडप, स्पीकर, पत्रकं, समाजमाध्यमांवरच्या जाहिराती अजून यायच्याच आहेत. मतदारांना वाटलेल्या पैशांचा इथे विषयच नाही. तो बेकायदा खर्च, नोंदवहीत तो कधीच नसतो. मी फक्त कायदेशीर खर्चाबद्दल बोलतोय, आणि तोही मावत नाही.

तरी निवडून आलेल्यांचे हिशेब मर्यादेच्या आत असतात, बऱ्याचदा भरपूर आत. हे कसं घडतं, कायद्यात फट कुठे आहे आणि नागरिकाला काय करता येतं, एवढंच लिहा. आपापल्या पक्षाची वकिली नको.

गुलाबी पान

आधी नोंदवही कशी असते ते सांगतो, कारण बहुतेकांनी ती पाहिलेलीच नसते. अर्ज भरताना निवडणूक निर्णय अधिकारी उमेदवाराला पानांवर क्रमांक घातलेली नोंदवही देतो. तीन भाग: पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोकड, पिवळ्या पानांवर बँक. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं अर्ज भरण्याच्या निदान एक दिवस आधी उघडावं लागतं आणि सगळे पैसे त्यातूनच फिरवायचे. एका व्यक्तीला किंवा संस्थेला १० हजारांपेक्षा जास्त रोख द्यायची नाही, एकाकडून त्याहून जास्त रोख घ्यायचीही नाही. प्रचाराच्या काळात खर्च निरीक्षकापुढे ही वही निदान तीनदा तपासायला न्यायची. नेली नाही तर नोटीस, तरीही नाही तर वाहनांच्या परवानग्या काढून घेता येतात.

समोरच्या बाजूला प्रशासनाची स्वतःची वही असते. कचेरीत तिला सगळे शॅडो रजिस्टर म्हणतात. व्हिडिओ पथक सभेला जातं आणि खुर्च्या, मंडप, स्पीकर, स्वागत कमानी, झेंडे, गाड्यांचे नंबर बोलत बोलत चित्रण करतं. दुसरं पथक संध्याकाळी ते चित्रण पाहून मोजणी करतं. लेखा पथक जिल्ह्याच्या दरपत्रकाने गुणाकार करून रक्कम लिहितं. दरपत्रक पक्षांच्या प्रतिनिधींशी बैठक घेऊन ठरतं आणि त्यात वडापाव, पुरीभाजी, पाण्याची बाटली, प्लास्टिक खुर्ची, उपरणं, ढोल-ताशा, क्रेनने घालायचा हार, सगळं असतं.

खोटं पहिल्यांदा शिरतं ते इथे. २ हजार खुर्च्या मांडल्या आणि चित्रण ५०० खुर्च्या भरल्या तेव्हाच झालं, तर वहीत ५००च येतात. जेवण सभेच्या जागी न देता दोन किलोमीटरवरच्या कार्यालयात दिलं तर ते वहीत येतच नाही. एका मतदारसंघात एका संध्याकाळी आठ-दहा कोपरा सभा असतात, पथकं दोन-तीन. जे कॅमेऱ्यात आलं नाही त्याची रक्कम शून्य.

मांडवीकाठ

गोव्याचं गणित जोडतो. आमच्याकडे विधानसभेची मर्यादा २८ लाख. ४० जागा, मतदार साडेअकरा लाखांच्या आसपास, म्हणजे एका मतदारसंघात २९ हजारांच्या आतबाहेर. माणशी जवळपास ९७ रुपये पडतात. महाराष्ट्रात १२ आणि इथे ९७. मर्यादा मतदारांच्या संख्येवर नाही, राज्याच्या वर्गवारीवर ठरते. त्यामुळे 'मर्यादा अपुरी म्हणून खोटं लिहावं लागतं' ही सबब गोव्यात लागूच होत नाही. आणि इथले हिशेबही मर्यादेच्या आतच असतात.

ताळेबंद

@मांडवीकाठ, हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. आकडा आठपट सैल असला तरी कागद तसाच राहतो, म्हणजे दुखणं आकड्याच्या पलीकडे आहे.

जुना निकाल

दुखणं कुठे आहे ते १९७४ साली स्पष्ट झालं. दिल्लीच्या सदर मतदारसंघातली १९७१ची लोकसभा निवडणूक. कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर १९७४ला निकाल दिला: पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्या संमतीने झाला असेल तर तो त्याच्याच खात्यात धरायचा, नाहीतर मर्यादेला अर्थ उरत नाही. चावलांची निवड रद्द झाली. निकाल पूर्णपणे तर्कशुद्ध होता. सरकारने काय करावं? १९ ऑक्टोबरला, म्हणजे सोळा दिवसांत, अध्यादेश निघाला. कलम ७७ला स्पष्टीकरण जोडलं: पक्षाने किंवा उमेदवार आणि त्याचा प्रतिनिधी सोडून इतर कोणीही केलेला खर्च उमेदवाराचा धरायचा नाही. पुढे डिसेंबरात त्याचा कायदा झाला.

शेतकऱ्याच्या, कामगाराच्या कायद्याला वर्षं लागतात. स्वतःवरचं बंधन सोडवायला सोळा दिवस पुरले. दुटप्पीपणाचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही, कारण मर्यादा रद्द करण्याचा प्रामाणिक मार्ग तेव्हाही उपलब्ध होता. तो घेतला नाही. मर्यादा ठेवली आणि तिच्यातला अर्थ काढून घेतला.

सिद्धार्थ नगर

पण २००३मध्ये ते स्पष्टीकरण बदललं ना? मग आज पक्षाचा खर्च उमेदवाराच्या खात्यात यायला हवा.

जुना निकाल

बदललं, पण दार पूर्ण बंद झालं नाही. आता 'कोणीही केलेला खर्च' ही सूट गेली. उरली ती नेत्यांच्या प्रवासाची. अधिसूचनेनंतर ७ दिवसांत पक्षाने यादी द्यायची. मान्यताप्राप्त पक्षाला ४० नावं, नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्याला २०. या स्टार प्रचारकांच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराला लागत नाही. सभेचा खर्च मात्र वेगळ्या नियमाने चालतो. उमेदवार व्यासपीठावर आला, किंवा त्याचं नाव, फोटो, फलक तिथे असला, तर सभेचा खर्च त्या सभेतल्या उमेदवारांत वाटला जातो. उमेदवार नेत्याबरोबर हेलिकॉप्टरमध्ये बसला तर प्रवासाचा निम्मा खर्च त्याच्या नावावर. आणि उमेदवाराचा उल्लेखच न करता केलेला पक्षाचा सर्वसाधारण प्रचार संपूर्णपणे पक्षाच्या खात्यात.

पक्षाच्या खात्याला मर्यादा? नाही. एक रुपयाचीही नाही. विधानसभेनंतर ७५ दिवसांत आणि लोकसभेनंतर ९० दिवसांत आयोगाला हिशेब द्यायचा, बस.

कलम सत्त्याहत्तर

याचे व्यवहारातले परिणाम लिहिते, कारण प्रचार असाच आखला जातो.

मोठ्या नेत्याची सभा असली की व्यासपीठामागच्या फलकावर फक्त नेता आणि चिन्ह. आसपासच्या रस्त्यावरचे फलक 'समस्त ग्रामस्थ' किंवा 'मित्रमंडळ' यांच्या नावाने. हे दुसरं तर उघड बेकायदा आहे. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणं जुन्या दंडसंहितेच्या १७१-ह खाली गुन्हा होता, आता न्यायसंहितेचं कलम १७६. पूर्वी दंड ५०० रुपये होता, आता १० हजारांपर्यंत. मोठ्या फ्लेक्सच्या खर्चापुढे हा दंड काय आहे? आणि तक्रार झाली तर उमेदवार म्हणतो, मी सांगितलंच नव्हतं. तो खरं बोलत असेल तर मित्रमंडळावर गुन्हा, खोटं बोलत असेल तर खर्च त्याचा. दोन्हीपैकी एक व्हायलाच हवं, पण बहुतेक वेळा दोन्ही होत नाहीत.

पत्रकांचं बघा. कलम १२७-अ प्रमाणे प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. प्रकाशकाचं घोषणापत्र दोन प्रतींत, त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्यांसह, आणि छापल्यावर ३ दिवसांत मुद्रकाने त्याची आणि पत्रकाची प्रत जिल्हा प्रशासनाला पाठवायची, छापलेल्या प्रतींची संख्या आणि घेतलेली रक्कम कळवून. गडबड संख्येत होते. घोषणापत्रात ५ हजार, छापखान्यातून बाहेर पडतात ५० हजार. कागदाचं बिल कोणी मागत नाही. पत्रक हातात आलं की तळाची बारीक ओळ वाचा. प्रकाशकाचं नाव नसेल किंवा मुद्रकच नसेल तर तेवढ्यावर तक्रार होते.

डमी उमेदवार. अपक्ष म्हणून अर्ज भरतो, स्वतःसाठी प्रचार करत नाही. त्याच्या नावावर वाहन परवाने, मतदान प्रतिनिधी, मोजणी प्रतिनिधी मिळतात आणि ते वापरतो दुसरा. आयोगाच्या सूचनेप्रमाणे अशा गाडीत दुसऱ्याचं साहित्य किंवा माणसं सापडली की तिचा खर्च खऱ्या लाभार्थ्याच्या खात्यात जायला हवा. पण त्यासाठी परवान्याची मूळ प्रत काचेवर आहे का आणि ती कोणाच्या नावाची आहे हे कोणी तरी रस्त्यावर थांबून पाहायला लागतं.

अर्ज भरण्याआधीचा काळ तर मोकळं रान. २०२४ला अर्ज २२ ते २९ ऑक्टोबर. दहीहंडी ऑगस्टच्या शेवटी, गणपती ७ ते १७ सप्टेंबर, नवरात्र ऑक्टोबरच्या सुरुवातीला. मंडळांच्या वर्गण्या, हंडीची बक्षिसं, देवदर्शनाच्या बस, साड्या, भांडी, आरोग्य शिबिरं, हे सगळं कलम ७७च्या बाहेर राहिलं. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा: साहित्य आधी विकत घेतलं आणि अर्जानंतर वापरलं, तर ते हिशेबात धरावंच लागतं. मिरवणुकीने अर्ज भरायला जातात त्या दिवसाचा खर्चही.

वाकडी वाट

सगळं खरं, पण मग पथकं, निरीक्षक, नाके हे सगळं कुचकामी असं म्हणायचं का? नाक्यांवर ५० हजारांवरच्या रोकडीचा हिशेब मागतात, तर त्यात व्यापारी आणि शेतमाल विकून येणारेच जास्त अडकतात.

गुलाबी पान

कुचकामी म्हणणं अन्याय होईल. दिवसाला चौदा तास उभी राहणारी माणसं आहेत ती, महसूल, सहकार, कोषागार, शाळा अशा खात्यांतून उचलून आणलेली. जिथे पुरावा हातात येतो तिथे रक्कम चढते आणि उमेदवाराला नोटीसही जाते.

नाक्यावर अडकलेल्यांसाठी: रकमेचा उगम दाखवणारा कागद जवळ ठेवा. बँकेतून काढल्याची पावती, बाजार समितीची पट्टी, बिल. रक्कम जप्त झालीच तर जिल्ह्यात तीन अधिकाऱ्यांची समिती असते आणि गुन्हा नोंदलेला नसेल व रकमेचा संबंध निवडणुकीशी नसेल तर ती सोडवून देते. पावतीवर समितीकडे अपील करता येतं हे लिहिलेलं असतं. १० लाखांवर असेल तर आयकर खात्याला कळवतात.

खरी अडचण शॅडो रजिस्टरच्या पुढे आहे. निकालानंतर २६व्या दिवसाच्या सुमाराला ताळमेळ बैठक होते. उमेदवाराची वही आणि प्रशासनाची वही समोरासमोर ठेवतात. फरक असेल तर उमेदवार तो मान्य करून रक्कम वाढवतो किंवा लेखी अमान्य करतो. वाढवूनही बहुधा ४० लाखांच्या आतच असतो, कारण मुळात प्रशासनाच्या वहीत पकडलेला खर्च हाच प्रत्यक्ष खर्चाचा एक तुकडा असतो. दोन्ही वह्या जुळल्या की फाईल स्वच्छ.

जुना निकाल

आणि शिक्षा कोणाला होते तेही बघा. कलम १०-अ खाली आयोग ३ वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. आयोगाची अपात्र व्यक्तींची यादी उघडली तर बहुतेक नावं हिशेबच न दिलेल्यांची दिसतात, म्हणजे अनामत गमावलेले छोटे अपक्ष. ज्याने काहीच दिलं नाही तो अपात्र, ज्याने व्यवस्थित टंकलेला खोटा हिशेब दिला तो सभागृहात.

खोट्या हिशेबावर कारवाईची उदाहरणं मोजकीच आहेत. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना २०११मध्ये अपात्र ठरवलं, बातमीच्या रूपात छापून आणलेल्या जाहिरातीचा खर्च न दाखवल्याबद्दल. आपल्याकडे भोकरच्या २००९च्या निवडणुकीवरून अशोक चव्हाणांचं प्रकरण गाजलं. वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींचा दाखवलेला खर्च होता ५ हजार ३७९ रुपये. मे २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व म्हणून सांगितलं की हिशेब वेळेत दिला एवढं पाहून आयोगाने थांबायचं नाही, तो खरा आहे का हेही तपासता येतं. जुलैमध्ये आयोगाने चव्हाणांविरुद्ध आदेश काढला, सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. मध्य प्रदेशचे नरोत्तम मिश्र यांचा अपात्रतेचा आदेशही पुढे उच्च न्यायालयात टिकला नाही. खर्च झाला हे दिसतं, पण तो उमेदवाराने 'अधिकृत केला' हे सिद्ध करताना प्रकरण अडतं.

जून २०१३मध्ये मुंबईतल्या एका कार्यक्रमात गोपीनाथ मुंडे २००९च्या स्वतःच्या निवडणुकीला ८ कोटी लागल्याचं बोलून गेले. २००९ला लोकसभेची मर्यादा २५ लाख होती. आयोगाने नोटीस काढली, गदारोळ झाला. मुंड्यांवर तुटून पडलेल्यांतल्या कोणीही स्वतःचा खरा आकडा जाहीर केला नाही.

लीड्सकर

इथल्या व्यवस्थेतल्या दोन गोष्टी तुलनेसाठी. ब्रिटनमध्ये पक्षालाही मर्यादा आहे, २००० सालच्या कायद्याने. पक्ष जितक्या मतदारसंघांत लढतो त्याला एका ठरलेल्या रकमेने गुणायचं. आधी ती ३० हजार पौंड होती, २०२३च्या अखेरीस ५४,०१० केली. दुसरं म्हणजे संसदीय सार्वत्रिक निवडणुकीत पक्षाचा खर्च मतदानाआधीच्या ३६५ दिवसांचा मोजतात. कलम सत्त्याहत्तर यांनी सांगितलेली दहीहंडी आणि गणपती इथल्या हिशेबात आपोआप आले असते, निदान पक्षाने केलेला खर्च तरी.

वाकडी वाट

माझं मत उलट आहे. मर्यादाच काढून टाका. सगळे खोटं लिहितात हे सर्वांना माहीत असताना मर्यादा ठेवणं म्हणजे प्रत्येक आमदाराला पहिल्या महिन्यात खोटं बोलायला लावणं. मर्यादा नसेल तर निदान खरा आकडा तरी बाहेर येईल.

कलम सत्त्याहत्तर

येणार नाही. पक्षाला आजही मर्यादा नाही, मग पक्षांचे आकडे खरे आहेत का? आकडा लपवण्याचं कारण मर्यादा एवढंच नसतं, पैसा कुठून आला हे त्याहून मोठं कारण. निवडणूक रोखे फेब्रुवारी २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द करेपर्यंत देणाऱ्याचं नाव झाकणं हा कायदेशीर मार्गच होता. २०१३च्या जूनमध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराच्या कक्षेत आणलं. काँग्रेस, भाजप, दोन्ही कम्युनिस्ट पक्ष, राष्ट्रवादी, बसप. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या या पक्षांपैकी एकानेही आदेश पाळला नाही. पारदर्शकतेवर भाषणं मात्र सहाही पक्षांची आहेत.

म्हणून माझी मागणी साधी आहे: पक्षाच्या खर्चाला मर्यादा, आणि मोजणी अर्जाच्या दिवसापासून न करता आधीपासून. पक्षाच्या खर्चावर मर्यादा घालण्याची शिफारस आयोगानेही केलेली आहे. ती मान्य करणं ज्यांच्या हातात आहे तेच तिच्यामुळे बांधले जाणार आहेत, इतकंच.

सिद्धार्थ नगर

पुढच्या निवडणुकीला सामान्य मतदाराने प्रत्यक्ष काय करायचं? वकील किंवा संस्था नसताना.

गुलाबी पान

प्रचार चालू असताना: निवडणूक आयोगाचं तक्रारीचं सी-व्हिजिल ॲप. फोटो किंवा व्हिडिओ त्याच ॲपमधून तिथल्या तिथे काढावा लागतो, गॅलरीतला चालत नाही, कारण जागा आणि वेळ त्यासोबत नोंदली जाते. १०० मिनिटांत तक्रारीचा निपटारा अपेक्षित असतो. फोटोत फलकाचा पूर्ण मजकूर, गाडीचा नंबर आणि काचेवरचा परवाना दिसू द्या. मोठ्या सभेचा एकच रुंद फोटो फारसा कामाचा नाही. खुर्च्यांच्या रांगा मोजता येतील असा बाजूने काढा, स्पीकरचे खांब वेगळे, स्वयंपाकाची जागा वेगळी. मोजणी करणाऱ्याला आकडा काढता आला पाहिजे.

तपासणीनंतर उमेदवाराच्या वहीतली पानं सूचना फलकावर आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर लावली जातात. प्रती पानाला १ रुपया दराने मिळतात. निकालानंतर अंतिम हिशेबही कोणीही पाहू शकतो. १९६१च्या निवडणूक नियमांतला नियम ८८ पाहा: पाहण्याचं शुल्क १ रुपया, साक्षांकित प्रतीला आयोगाने ठरवलेलं शुल्क. हिशेब आल्यापासून २ दिवसांत तशी सूचना फलकावर लागायला हवी.

वाचताना बेरीज पाहत बसू नका, न लिहिलेलं शोधा. तुमच्या गावात झालेल्या सभेची तारीख पांढऱ्या पानावर आहे का? प्रचाराची रिक्षा किती दिवस फिरली आणि किती दिवस दाखवली? मतदानाच्या दिवशीच्या केंद्राबाहेरच्या टेबलांचा खर्च आहे का? प्रत्येक केंद्राजवळ १०० मीटरपलीकडे (२०२५च्या बदलाआधी २०० मीटर) एक टेबल, दोन खुर्च्या, १० बाय १० फुटांचा आडोसा याला परवानगी असते आणि तो खर्च उमेदवाराचा असतो. ३५० केंद्रांना २० टेबलं दाखवली असतील तर तिथेच बोट ठेवता येतं.

जुना निकाल

न्यायालयात जायचं असेल तर मुदत कडक आहे. खर्चाची मर्यादा ओलांडणं हे कलम १२३(६) खाली भ्रष्ट आचरण. निवडणूक याचिका उच्च न्यायालयात, निकालापासून ४५ दिवसांत, त्या मतदारसंघातला मतदारही करू शकतो. खर्चासाठी २ हजार रुपयांची हमी रक्कम भरावी लागते. हिशेब ३० दिवसांपर्यंत येतो म्हणजे तुमच्या हातात जेमतेम १५ दिवस उरतात. पुरावे प्रचाराच्या काळातच जमवून ठेवले नाहीत तर या १५ दिवसांत काही होत नाही.

सिद्धार्थ नगर

आणि जिल्हा कार्यालयाने वही दाखवायला टाळाटाळ केली तर?

गुलाबी पान

तोंडी विचारू नका. अर्जात मतदारसंघ, उमेदवाराचं नाव आणि 'निवडणूक संचालन नियम १९६१, नियम ८८' एवढं लिहा, १ रुपया भरून पावती घ्या, दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. खर्चाचा नोडल अधिकारी वेगळा असतो, त्याच्या नावे प्रत टाका. तरीही अडलं तर त्याच शिक्क्याच्या प्रतीसह राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याला मेल. ४५ दिवसांचं गणित डोक्यात ठेवा आणि हा अर्ज निकालानंतर ३१व्या दिवशीच टाका.